मथुरामावशींच्या वाकोल्या

मथुरामावशींशी माझी ओळख झाली ती एका दुरुस्तीवरून. दुरुस्ती मी केली होती, आणि चूकही माझीच होती.

आम्ही तेव्हा नुकतेच सुरतला आलो होतो. माझे मिस्टर एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये लागले होते आणि मला पर्वत पाटियाच्या पलीकडे एका मराठी शाळेत नोकरी मिळाली होती. मी मूळची साताऱ्याकडची. इथल्या वस्तीत निम्मी घरं खानदेशातली, घरात अहिराणी बोलणारी. ती बोली माझ्या कानावर पहिल्यांदाच पडत होती. पहिल्याच आठवड्यात शाळेतून परत येताना पाहिलं, तर शेजारच्या घराच्या ओट्यावर साड्यांच्या ढिगात एक साठीच्या बाई बसल्या होत्या. एका साडीची किनार त्यांनी दोन्ही हातांत ताणून धरली होती आणि तिच्याशी भांडत होत्या.

"देख, देख! मालेच वाकोल्या दखाडस!"

मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे त्यांच्याकडे येत आणि लेस लावून परत जात. लेस जरा ताणून शिवली गेली की कापड गोळा होतं आणि किनार लाटा मारते. त्या लाटांना त्या वाकोल्या म्हणत होत्या, हे मला समजलं. नव्या मास्तरणीच्या उत्साहात मी थांबले आणि म्हणाले, "वाकुल्या म्हणतात, मावशी. वाकोल्या नव्हे."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "पुस्तकमा ऱ्हातीन वाकुल्या. आमना तोंडवर वाकोल्याच येतस."

आणि नमुना म्हणून एक करूनही दाखवली. हनुवटी एका बाजूला गेली, नाक दुसऱ्या बाजूला, एक भुवई पार केसांपाशी पोचली, आणि खालचा ओठ असा काही बाहेर आला की मला हसू आवरेना. चेहरा पुन्हा जागेवर आणून त्यांनी विचारलं, "सांगा आता बाई. ही वाकुली होती का वाकोली?"

मी म्हटलं, "वाकोली."

"मग बसा. चहा घ्या."

मावशी घरात मुलाशी, भटूशी, अहिराणी बोलत. माझ्याशी जपून, जरा पुस्तकी मराठी. राग आला किंवा आनंद झाला की तिच्यातून अहिराणी बाहेर पडे. मार्केटच्या माणसांशी गुजराती आणि उरलेल्या जगाशी हिंदी. पण या चारही भाषांच्या आधी त्यांचा चेहरा बोलून मोकळा व्हायचा. 'नाही' हा शब्द मी त्यांच्या तोंडून फारसा ऐकला नाही. नाकपुडी किंचित फुगली तर 'आज नाही'. दोन्ही ओठ आत ओढले तर 'मला विचारूच नका'. डोळे मिटून भुवया वर गेल्या तर 'कधीच नाही, आणि तुम्हाला ते माहीत आहे'. भाजीवाला त्यांच्याशी भाव करताना भाजीकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत असे.

त्यांचा एक नियम होता. वाकोली करायची ती समोर. एकदा आमच्या रांगेतली एक बाई तिच्या सासूच्या पाठीमागे तोंड वेंगाडत होती, तर मावशींनी तिला तिथल्या तिथे झापलं. "समोर जाऊन कर. पाठीमागे करतो तो चोर. आणि चोराची वाकोली त्याच्याच तोंडाला चिकटते."

त्या स्वतः हा नियम पाळत. साड्यांचं काम तपासायला मार्केटमधून एक चाळिशीचा माणूस यायचा. त्याला प्रत्येक साडीत खोट दिसे. एक दिवस तो मावशींच्या बोलण्याची नक्कल करू लागला. 'आठे', 'तठे', 'काब्रं' असे इथे, तिथे, का या अर्थाचे साधे शब्द लांबवून म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मावशींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग हातातली साडी उचलली, नाकाजवळ नेली, एक डोळा मिटला, गालाचा एक कोपरा आत ओढला, आणि जिभेने 'च्च' केलं. तो माणूसच तिथे बसल्यासारखा वाटला. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "फरीथी करो ने, मासी!" पुन्हा करा म्हणे! त्या दिवसानंतर तो आला की आधी ओट्यावर बसून चहा घ्यायचा, आणि मग साड्यांतली खोट काढायचा.

वाकोली हा शब्द माझ्या डोक्यातून काही जाईना. शाळेत एका तासाला मी मुलांना विचारलं, "तोंड वेडंवाकडं करून चिडवतात त्याला तुमच्या घरी काय म्हणतात?" बऱ्याच जणांनी वाकोल्या सांगितलं. दोघांनी 'चाळा पाडवा' हा गुजराती शब्द सांगितला, काहींनी हिंदीतलं 'मुँह चिढ़ाना'. एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्याकडे म्हणत काही नाहीत. नुसतं करतात." शब्दकोश उघडला तर वाकुली होती, आणि तिचं गोत्र वाकण्याशी, वाकडेपणाशी लावलेलं होतं. ते पटण्यासारखं होतं. समोरच्या घरात रेल्वेतून निवृत्त झालेले तायडेकाका राहायचे. त्यांचे वडील अकोल्याकडून रेल्वेच्या कामाला इकडे आलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आमच्यातही वाकोल्याच. वाकुल्या मी तुमच्याकडूनच ऐकतोय." म्हणजे अकोल्यापासून सुरतेपर्यंत लोक वाकोल्या करत होते आणि मी एकटी त्यांना दुरुस्त करायला निघाले होते.

शेवटी मी मावशींनाच विचारलं. "हा शब्द आला कुठून असेल हो?"

सुईत दोरा ओवताना त्या म्हणाल्या, "वाकळीतून."

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची, चिंध्यांची गोधडी. माझ्या मनातल्या शब्दकोशाने लगेच मान हलवली. वाकळ आणि वाकुली यांचा काही संबंध नसावा. पण पहिल्या दिवशीचा धडा मी विसरले नव्हते. मी विचारलं, "वाकळीतून कशी?"

मग त्यांनी यमूची गोष्ट सांगितली.

यमू म्हणजे त्यांची धाकटी बहीण, दोन वर्षांनी लहान. दोंडाईच्याजवळच्या त्यांच्या गावात, दीड वर्षाची असताना ती तापाने फणफणली. ताप उतरला, पण जाताना तिचं ऐकणं घेऊन गेला. जे दोन-चार शब्द यायला लागले होते तेही थांबले. घरात कोणाला सुचेना हिच्याशी बोलायचं कसं. हातवारे करून कामापुरतं भागत होतं. पण थंडीच्या दिवसांत सकाळी आई चुलीपाशी आणि या दोघी एका वाकळीत. वाकळीच्या बाहेर हात काढला तर गार वारा लागे. उघडी असत ती फक्त दोन तोंडं.

"मग तोंडानंच बोलायला लागलो," मावशी म्हणाल्या. "आई वरडायची, 'निघा त्या वाकळमाईन! कितल्या वाकोल्या करतस!' वाकळीतल्या त्या वाकोल्या. अजून कुठून येतील?"

एक गाल फुगवला की भाकरी. भुवया जुळवल्या की वडील. वरचा ओठ दातांवर ताणला की आई. माणसांची नावं, भूक, भीती, पाऊस, 'ही बाई खोटं बोलते', 'आज मला तुझ्याजवळ झोपू दे' हे सगळं दोघींनी तोंडावर बसवलं. यमू वाकळीत डाव्या बाजूला झोपायची, म्हणून तिचं नाव डावीकडचं. डावी भुवई उचलायची आणि डावा गाल डोळ्याकडे ओढायचा: यमू. तेच उजवीकडे केलं की मथुरा.

"म्हणजे तुमच्या घरी वाकोल्या म्हणजे चिडवणं नव्हेच," मी म्हटलं.

"चिडवनं?" मावशींच्या नाकपुड्या फुगल्या. "हाई बोलनं शे, बाई."

हे सांगताना त्या आणखी एक गोष्ट बोलून गेल्या. यमू सहा वर्षांची असेल. गल्लीतल्या पोरांनी तिला गाठलं आणि ती मुकी म्हणून तिच्यासमोर तोंडं वेंगाडायला सुरुवात केली. यमूला वाटलं, यांनाही आपली भाषा यायला लागली. तिला कोण आनंद! तिने त्यांना उत्तरं दिली. आज काय जेवलो, म्हशीने कशी लाथ मारली, सगळं. ती जितकं सांगे तितकी पोरं जास्त हसत आणि जास्त तोंडं वेंगाडत. ती धावत घरी आली आणि तिने मथुराला सांगितलं, की आता सगळी पोरं आपल्यासारखं बोलतात.

"मग तुम्ही काय केलंत?"

"आठ वर्षांची होते. तिला काय सांगू? त्या पोरांना मारावं असं वाटलं, पण ती पाच होती." दोरा तोडून त्या म्हणाल्या, "मग मी एकेकाला गाठलं. त्यांना शिकवल्या. भाकरी, पाऊस, ये इकडे, जा घरी. चार-पाचच. मग चिडवायला जरी तोंड केलं, तरी त्याचा काहीतरी अर्थ निघायला लागला."

त्यातलीच काही पोरं आता गावात म्हातारी झाली आहेत, आणि यमू रस्त्यात दिसली की अजून गाल फुगवून विचारतात, जेवली का? असं त्या सांगत होत्या. यमूचं लग्न झालं नाही. ती भावाच्या घरी राहिली. भाऊ गेल्यावर भाच्याकडे. मथुरा लग्न होऊन सुरतला आली. नवरा लूमच्या कारखान्यात होता. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. इतकी वर्षं दोघी बहिणी वर्षातून एकदा, लग्नकार्यात नाहीतर दिवाळीला भेटत. ना पत्र, ना फोन. यमूला अक्षर येत नव्हतं आणि फोन ऐकता येत नव्हता. मग व्हिडिओ कॉल आला. भटूने भाच्याच्या मोबाइलशी तो जुळवून दिला, आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता मावशी हातातलं काम बाजूला ठेवून भिंतीला फोन टेकवून बसू लागल्या.

तो कॉल मी बरेचदा पाहिला आहे. अर्धा तास एक आवाज नसायचा. माझ्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी तेवढी मधे व्हायची. आणि दोघी पोट धरून हसत असायच्या.

त्या हिवाळ्यात एका सकाळी मावशी ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या. भटू कतारगामला कामावर निघाला होता, तो चप्पल घालत होता. चहा त्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर आला आणि हनुवटीवरून पदरावर सांडला. त्यांनी वर पाहिलं, तर डावा गाल खाली ओघळलेला, डावा डोळा टक्क उघडा, आणि तोंड उजवीकडे ओढलेलं. भटू हसायला लागला. "माय, सकाळ सकाळ!"

मीही हसले. हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांच्या तोंडावर आम्ही इतकं काही पाहिलं होतं की हीसुद्धा एक नवी वाकोली असेल असंच वाटलं. त्या काहीतरी बोलल्या. शब्द ओठाच्या एका बाजूने गळून पडले. "हासू नका," एवढं मला कळलं, आणि मग आम्ही दोघंही हसायचे थांबलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याचा लकवा. हातापायांना काही झालेलं नव्हतं, जीव धोक्यात नव्हता. गोळ्या दिल्या, डोळा मिटत नाही म्हणून थेंब दिले, झोपताना वर पट्टी लावायला सांगितली. बऱ्याच लोकांचं दोन-तीन महिन्यांत सुधारतं म्हणाले. मग व्यायामाच्या विभागात पाठवलं. तिथली फिजिओथेरपिस्ट एक तरुण गुजराती मुलगी होती, हसरी आणि घाईत. ती म्हणाली, "मासी, रोज सवार-सांज अरीसा सामे बेसीने चाळा पाडवाना."

सकाळ-संध्याकाळ आरशासमोर बसून तोंडं वेडावायची, एवढंच तिचं म्हणणं. इतकी वर्षं गुजराती बोलणाऱ्या मावशींना ते समजलं नाही असं नाही. पण दुखणाऱ्या माणसाच्या कानाला आपल्या भाषेतला अर्थ आधी लागतो. मराठीत चाळे म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. रिक्षात बसल्यावर पदराआडून त्या मला म्हणाल्या, "चाळे? या वयात मी चाळे करू?"

मी समजावलं. तिला म्हणायचंय वाकोल्या करा. तुम्हाला तर त्या कोणी शिकवायलाही नकोत.

घरी गेल्यावर भटूने भिंतीवरचा आरसा काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी एकदा प्रयत्न केला. उजवी भुवई वर गेली, उजवा गाल हलला. डावी बाजू तशीच राहिली. त्यांनी आरसा उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "मनंच तोंड माले चिडाई ऱ्हायनं." आपलंच तोंड आपल्याला चिडवतंय! मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण करतो ती वाकोली आणि आपल्याला होते ती वाकोली, यांत केवढा फरक आहे.

रविवार आला. दहा वाजता फोन वाजला. त्यांनी आधी घेतला नाही, मग घेतला. मी त्यांना थेंब घालायला गेले होते, म्हणून तिथेच होते. पडद्यावर यमूमावशींचा चेहरा आला, तसाच लांबट, मावशींसारखाच. मावशींनी पदर बाजूला केला आणि नेहमीप्रमाणे आधी बहिणीचं नाव घ्यायला गेल्या.

नाव डावीकडचं होतं.

डावी भुवई हलली नाही. त्यांनी जोर लावला तशी उजवी बाजू आपोआप वर ओढली जाऊ लागली. यमूला हाक मारायला जावं आणि तोंडावर उमटावं 'मथुरा'. पुन्हा जावं, पुन्हा 'मथुरा'. पलीकडे यमूमावशींनी कपाळाला आठी घातली, फोनच्या अगदी जवळ आल्या, काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मावशींनी फोन पालथा घातला.

"ती रडी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिले काय वाटनं व्हई?"

पुढचे तीन रविवार त्यांनी फोन उचलला नाही. भटू भाच्याशी बोलून घ्यायचा. आई बरी आहे, गोळ्या चालू आहेत. भाचा सांगायचा, यमूआत्या दहा वाजता मोबाइल घेऊन उभी राहते, अकरा वाजले तरी खाली ठेवत नाही. मावशी हे ऐकायच्या आणि लेस लावत राहायच्या. व्यायाम त्या करत नव्हत्या. आम्ही सांगून थकलो.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी भाच्याचा फोन आला. यमूआत्या घरात नाही. शेतात नाही, देवळात नाही. कपड्यांची पिशवी नाही. कोणीतरी तिला दोंडाईचा स्टेशनवर पाहिलं म्हणे.

यमूमावशी आयुष्यात कधी एकट्या तालुक्याच्या गावालाही गेल्या नव्हत्या. गाडीत कोणी हाक मारली तर ऐकू येणार नाही, मागून वाहन आलं तर कळणार नाही. भटूने कारखान्यातून निघून थेट उधना स्टेशन गाठलं. तायडेकाकांनी रेल्वेतल्या ओळखीच्या दोघा-तिघांना फोन लावले. मावशी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. तोंडावरचा पदर कधी खाली घसरला हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. महिनाभरात पहिल्यांदाच त्या उघड्या तोंडाने बाहेर आल्या होत्या.

साडेचारच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. रिक्षावाला हातात एक पत्रिका घेऊन घरांचे नंबर वाचत होता. ती मावशींच्या घराच्या वास्तुशांतीची पत्रिका होती, बरीच जुनी, घडीवर फाटलेली. तिच्यावर खाली सुरतचा पत्ता छापलेला होता. तेवढी पत्रिका लोकांना दाखवत यमूमावशी गावापासून इथवर आल्या होत्या.

"मनी बहीन ऊनी!" मावशी ओरडल्या. ज्या बहिणीला ते कधीच ऐकू येणार नव्हतं, तिच्यासाठी.

मग मात्र त्यांना भान आलं आणि त्यांनी पदर पुन्हा तोंडावर ओढला. यमूमावशी पायऱ्या चढून आल्या. पिशवी खाली ठेवली. बहिणीचा पदर खाली ओढला. हनुवटीला धरून चेहरा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, बाजारात एखादी बाई खरबूज पारखते तसा. त्यांना सगळं समजलं असावं. कारण मग त्यांनी आपला अंगठा मावशींच्या डाव्या भुवईखाली लावला आणि ती वर उचलली. दुसऱ्या हाताच्या बोटांनी डावा गाल डोळ्याकडे सरकवला, आणि तसाच धरून ठेवला.

बहिणीच्या तोंडावर त्यांनी स्वतःच्या हाताने आपलं नाव घातलं होतं.

मी घरात निघून आले. तिथे माझं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाला. आरसा लागला नाही. सकाळी आणि दुपारी यमूमावशी समोर मांडी घालून बसत, एक एक शब्द करून दाखवत आणि वाट बघत. भाकरी. पाऊस. वडील. आई. मावशींची उजवी बाजू घाई करू लागली की यमूमावशी ती तळहाताने दाबून धरत, म्हणजे डावीला संधी मिळे. पुढे दवाखान्यातल्या मुलीने हे पाहिलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं. ती हेच शिकवणार होती म्हणे.

सुधारणा फार सावकाश झाली. आधी डोळा मिटायला लागला. मग चहा सांडेनासा झाला. ओठाचा कोपरा जरासा वर आला. भुवई मात्र ढिम्म. एक दिवस दुपारी मी दारात बसून वह्या तपासत होते. दोघी ओट्यावर साड्या घेऊन बसल्या होत्या. मी सहज वर पाहिलं, तर मावशींचे हात थांबले होते. त्या समोर बघत होत्या आणि त्यांची डावी भुवई थरथरत होती. एखादं वासरू पहिल्यांदा उभं राहताना थरथरतं तशी. ती वर गेली. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. गालही हलला.

यमूमावशींचं लक्षच नव्हतं. त्या सुईत दोरा ओवत होत्या. आणि त्यांना हाक मारून उपयोग नव्हता! मावशींनी घाईघाईने लेसचं रीळ उचललं आणि बहिणीच्या अंगावर फेकलं. त्यांनी दचकून वर पाहिलं. भुवई अजून वरच होती.

यमूमावशींनी लगेच उत्तर दिलं. उजवी भुवई, उजवा गाल: मथुरा. मग मावशींनी पुन्हा, मग त्यांनी पुन्हा. पाच-दहा मिनिटं दोघींनी एकमेकींच्या नावांपलीकडे काही म्हटलं नाही. त्या दिवशी माझ्या कुठल्या वहीवर मी किती मार्क दिले देव जाणे.

चेहरा पुरता पूर्वीसारखा झाला नाही. हसलं की डावा डोळा आपोआप बारीक व्हायचा. डॉक्टर म्हणाले, हे राहील. दोघी बहिणींनी त्यालाही एक अर्थ देऊन टाकला. काय ते मला सांगितलं नाही. पण तो डोळा बारीक झाला की यमूमावशी लाजायच्या आणि त्यांच्या दंडावर चापट मारायच्या.

दवाखान्यात दर मंगळवारी तपासणीला दोघी जात. बाहेरच्या बाकावर तसेच आणखी पेशंट असत, तोंडावर रुमाल, ओढणी, पदर. मोठमोठी माणसं, आरशासमोर तोंड वेडावायची लाज वाटणारी. यमूमावशींना ते रुमाल बघवत नसत. त्या सरळ समोर जाऊन बसायच्या, गाल फुगवायच्या आणि वाट बघायच्या. कोणी हसायचं, कोणी रागवायचं, आणि कोणीतरी आपल्याही नकळत अर्धा गाल फुगवायचं. उन्हाळा लागताना त्या गावी परत गेल्या. तेव्हा फिजिओथेरपिस्टने मावशींना विचारलं, तुम्ही येत जाल का? तुम्हाला तर सगळं येतं. मावशी येईन म्हणाल्या, पण एका अटीवर. इथे चाळा म्हणायचं नाही. तेव्हापासून त्या खोलीत सगळे पेशंट, गुजराती, उडिया, मारवाडी, कोणीही असोत, वाकोल्याच करतात. सुरतेच्या एका सरकारी दवाखान्यात त्या शब्दाला व्यायाम असाही अर्थ आहे. कुठल्या कोशात तो सापडणार नाही म्हणून लिहून ठेवते.

पुढे आमच्या मिस्टरांना चलथाणच्याही पलीकडे दुसऱ्या मिलमध्ये काम मिळालं आणि आम्ही घर बदललं. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले तर त्यांच्या दाराला कुलूप. मंगळवार होता. टेम्पोत सामान चढेपर्यंत वेळ होता, म्हणून मी रिक्षा करून दवाखान्यात गेले.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत मावशी स्टुलावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्यासमोर पांढऱ्या इस्तरीच्या शर्टातले एक उंच गुजराती काका, सत्तरीच्या पुढचे, ताठ बसलेले. तोंडावर रुमाल. मुलगा की जावई असावा, तो शेजारी उभा राहून त्यांना समजावत होता, आणि काका मान हलवून नाही म्हणत होते. मावशी काहीच बोलत नव्हत्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त मान आणि कानामागची शीर, आणि ती सारखी हलत होती. म्हणजे त्यांचं काम चालू होतं.

बराच वेळ गेला. मी आत गेले नाही. तो माणूस बोलायचा थांबला. काकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग रुमाल खाली घेतला, त्याची नीट चौकोनी घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि जीभ बाहेर काढली.